सवलतीची डबी आणि अडलेली पेलेट

पेलेट्सच्या, म्हणजे शिशाच्या छर्ऱ्यांच्या, डबीवरची जुनी किंमत मार्करनं खोडून बाजूला नवी लिहिली असेल, तर ती डबी घ्यायची की नाही? ठाण्यापासून कल्याणपर्यंत एअर रायफल शिकणाऱ्या मुलांचे आईवडील हा प्रश्न मला इतक्यांदा विचारतात, की उत्तर एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं. घ्या, पण आधी एकच घ्या. बाकीचं सगळं या ‘एकच’ शब्दाचं स्पष्टीकरण आहे.

मुलं मात्र आधी भलतंच विचारतात. “काका, अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं भरतात, निम्म्यात पडतात म्हणे. आपण का नाही करायचं?” कारण आपल्याकडे तो गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे, त्याचे भागही आले. परवान्याशिवाय तो बनवला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं तुरुंगवास आहे. काडतुसं बनवण्याची जागा म्हणजे खडकीचा १८६९ पासूनचा कारखाना किंवा भुसावळजवळचं वरणगाव. डोंबिवलीतलं टू-बीएचके नव्हे. शिवाय आपली पोरं पुढे जाऊन जी रायफल धरतात ती असते पॉइंट टू-टू. तिच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटते, कडा चेपते, काडतूस संपलं. ते पुन्हा भरायची सोयच नाही. तेव्हा मध्य रेल्वेत टीसी असलेला स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेऊन आला, तोही तयार काडतुसांवरच. त्या पातळीचे नेमबाज काडतुसं भरत बसत नाहीत, निवडतात. इली किंवा आरडब्ल्यूएससारख्या कंपन्यांच्या चाचणी-रेंजवर आपली बॅरल नेऊन एकेक लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेली खेप, मारून बघतात आणि जुळेल तो लॉट उचलतात.

हीच निवड आपल्याला १० मीटरच्या एअर रायफलसाठी, घरातल्या टेबलावर करता येते. ४.५ मि.मी. नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही, आणि स्पर्धेची रायफल तर साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. ठाण्याला हा खेळ नवा राहिलेला नाही. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोला इटलीच्या दानिलो सोलाझोला १७–१३ असं हरवून १० मीटर एअर रायफलचं जगज्जेतेपद मिळवलं. अभिनव बिंद्राच्या २००६ च्या झाग्रेबनंतर ते मिळवणारा तो दुसरा भारतीय. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दिव्यांशसिंह पनवार आणि ऐश्वर्यप्रतापसिंह तोमर यांच्यासोबत १८९३.७ चा सांघिक विश्वविक्रम केला, तोही त्यानंच. तेव्हापासून आपल्या भागातली बरीच मुलं क्लासच्या दप्तराबरोबर रायफलची लांब पेटी घेऊन लोकल पकडू लागली. खर्चाची ओरड तिथून सुरू झाली.

एका डबीत ५०० पेलेट्स असतात. मुलगा आठवड्यातले ५ दिवस रोज १०० मारत असेल, तर आठवड्याला एक डबी, म्हणजे वर्षाला ५२. डबीमागे २०० रुपये वाचले तर वर्षाचे १०,४०० झाले. रायफलीचं जॅकेट नाही, पण बूट येतात. तेव्हा सवलतीचा मोह चुकीचा नाही. फक्त सवलत कशावर मिळतेय ते पाहायला हवं.

त्याआधी जरा गणित करू, म्हणजे काळजी कुठे करायची आणि कुठे सोडायची ते कळेल. टार्गेटवरचा १० चा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट साडेचारची. पेलेटची कड ठिपक्याला शिवली की १०. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. त्यापुढे पाव मिलिमीटर लांब गेलं की दशांश गुण गेला. १०.९ हवा तर पाव मिलिमीटरच्या आत, ९.० म्हणजे ५ मि.मी. लांब.

आता समजा, एखादी डबी स्वतःच १ मि.मी. इकडेतिकडे फेकते. १०.४ च्या सरासरीनं मारणाऱ्याला हे परवडत नाही. त्याचे गुण या दशांशांवरच उभे असतात. पण तुमचं मूल अजून ९ च्या आसपास घुटमळत असेल, तर त्याचा हातच ५ मि.मी. हलतोय, त्यात डबीचा १ मि.मी. विरघळून जातो. अशा मुलाला जर्मनीची महाग डबी घेऊन देणं म्हणजे सायकल शिकणाऱ्याला रेसिंगची सायकल देणं. पहिलं वर्षभर मधल्या किमतीची, पण एकाच लॉटची पेलेट वापरा. स्वस्तपणानं जेवढं बिघडत नाही तेवढं सरमिसळीनं बिघडतं.

मी स्वतः हे पैसे घालवून शिकलो. एका दुकानात सेल होता. मी १० डब्या उचलल्या. नाव तेच, रंग तोच. घरी येऊन मागचे स्टिकर वाचले तेव्हा कळलं, की ६ डब्यांवर डोक्याचा व्यास ४.४९ होता आणि ४ डब्यांवर ४.५१. माझ्या रायफलीला ४.५० च्या खालचं काही पटत नाही. त्या ६ डब्यांचं काय केलं ते शेवटी सांगतो.

दुकानात उभं असताना डबी उलटी करून पाहायच्या गोष्टी चारच. पहिली, वजन. रायफलची पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमची असते, पिस्तुलाची त्याहून हलकी. सेलमध्ये पिस्तुलाची डबी रायफलवाल्याच्या गळ्यात पडणं अगदी नेहमीचं. दुसरी, डोक्याचा व्यास. तिसरी, लॉट नंबर. आणि चौथी, पेलेटचं तोंड सपाट आहे का. कागदाला गोल, स्वच्छ भोक सपाट तोंडच पाडतं. टोकदार आणि गोलमुखी छर्रे डबे उडवायला ठीक. डबीला पोचा असेल तर हातातली डबी परत ठेवा, मग सवलत कितीही असो. शिसं मऊ असतं. डबी जमिनीवर पडली की आतल्या पेलेट्स एकमेकींचे स्कर्ट वाकवतात. स्कर्ट म्हणजे मागचा पोकळ, पसरट घेर. हवा त्याच्यातच भरते आणि तोच नळीला घट्ट बसतो. पेलेटचं सगळं चारित्र्य त्या घेरात आहे.

एक डबी घरी आणली की जेवणाच्या टेबलावर नको, वेगळ्या ट्रेवर जुना पेपर पसरा. माझ्याकडे आता त्यासाठी स्टीलची एक थाळी आहे. ती पूर्वी स्वयंपाकघरात होती. मी पहिल्यांदा तिच्यात पेलेट्स ओतल्या त्या दिवशी बायकोनं ती कायमची मला बहाल केली. शिशाची बारीक भुकटी हाताला, ताटाला, मुलांच्या तोंडाला लागते, तेव्हा तिचंच बरोबर होतं.

डबी उपडी करू नका. चमच्यानं किंवा हलक्या हातानं ५० काढा. खिडकीच्या काचेचा एक तुकडा किंवा फोटोफ्रेमची काच किंचित तिरपी ठेवून एकेक पेलेट वरून सोडा. डोकं आणि स्कर्ट यांचा व्यास वेगळा असल्यानं चांगली पेलेट सरळ जात नाही, वाटोळ्या वाटेनं गोल फिरत खाली येते. ५० च्या ५० साधारण त्याच वाटेनं आल्या तर डबी बरी. एखादी लंगडत, अडखळत आली तर ती बाजूला. मग भिंग घेऊन स्कर्टची कड पाहा. चिमटलेली, फाटलेली, शिशाचा कण चिकटलेली दिसली की बाद. ५० पैकी दोन-तीन बाद झाल्या तर चालतं. १० झाल्या तर ती सवलत नव्हती.

वजन करायचं का? सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅमचा काटा हल्ली सहज मिळतो आणि तो घेतला की माणसाला शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटतं. मीही महिनाभर तो खेळ केला. पण हिशेब असा: १० मीटरच्या प्रवासात पेलेट सुमारे १७ मि.मी. खाली येते. ५३० मिलिग्रॅमची पेलेट १० मिलिग्रॅमनं जड असली, तर ती साधारण एक टक्क्यानं हळू जाते आणि फार तर एक तृतीयांश मिलिमीटर खाली लागते. म्हणजे १० मिलिग्रॅमला जेमतेम दीड दशांश गुण. एकेक मिलिग्रॅमचे ढीग करत रविवार घालवण्यापेक्षा तो वेळ भिंगाला द्या. स्कर्टवरची एक चीर वजनाच्या सगळ्या हिशेबापेक्षा जास्त नुकसान करते.

खरी परीक्षा रेंजवरच. टेबलावर वाळूची पिशवी (आमच्याकडे जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून शिवलेली आहे), तिच्यावर रायफलीचा पुढचा भाग, आणि १० शॉट एका कागदावर. पाचांचा ग्रुप फसवतो, नशिबानं छान येतो. सगळी जुनी डबी आधी आणि सगळी नवी नंतर असं करू नका, कारण नंतरच्या डबीच्या वेळी तुम्ही दमलेले असता. जुनीच्या १०, नवीच्या १०, पुन्हा जुनीच्या, पुन्हा नवीच्या, असं तीनदा. मग व्हर्नियरनं भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मापा आणि त्यातून ४.५ वजा करा. उरलं ते त्या डबीचं विखुरणं. नवी डबी जुनीच्या जवळपास आली, तर त्याच संध्याकाळी दुकानात जा आणि त्याच लॉटच्या जितक्या असतील तितक्या घ्या. दुसऱ्या आठवड्यात तो लॉट नसतो, हा अनुभव.

आणि तरीही काही शॉट वेडेवाकडे जातातच. इथे बहुतेक जण डबीला शिव्या देतात.

एका शनिवारी दुपारी डोंबिवली पूर्वेची एक नववीतली मुलगी शेजारच्या लेनवर मारत होती. १०.२, १०.४, १०.१, आणि मग एकदम ८.३. पुन्हा चार बरे, पुन्हा एक खाली. वडील मागे उभे राहून सवलतीच्या डबीकडे बघत होते, जणू ती आता कबुलीजबाब देणार. मी तिला पाचदा पेलेट भरायला लावली आणि दरवेळी लिव्हर बंद न करता पेलेट परत काढून घेतली. पाचातल्या दोन पेलेट्सच्या स्कर्टवर, एकाच जागी, चंद्रकोरीएवढी खूण. मग तिचा हात पाहिला. मामेबहिणीच्या लग्नासाठी नखं वाढवलेली, त्यावर लाल नेलपॉलिश. पेलेट रायफलीच्या ट्रेवर ठेवून ती नखाच्या टोकानं पुढे ढकलायची. नखाखाली शिशाची काळी रेषही होती. लग्न पार पडलं, नखं कापली, ८.३ पुन्हा दिसले नाहीत. डबी तीच होती.

पेलेट बोटाच्या मांसल भागानं धरा, डोक्याकडून किंवा कमरेला, स्कर्टला नाही. ट्रेवर ठेवताना नळी किंचित खाली झुकलेली असू द्या म्हणजे पेलेट मागे कलंडत नाही. आणि लिव्हर लावण्यापूर्वी एकदा, डोळ्यांनी, बघा. उलटी बसलेली पेलेट स्पर्धेच्या घाईत वर्षातून एकदा तरी प्रत्येकाकडून जाते.

लिव्हर लावताना जोर लागला तर थांबा. ही बंदूक जोरानं चालवायची वस्तू नाही. ती पेलेट काढा, दुसरी घाला. दुसरी सहज गेली तर पहिलीच वाकडी होती. या डबीतल्या सगळ्याच अडतात आणि जुन्या डबीतल्या जातात, तर डोक्याचा व्यास मोठा आहे. दोन्ही डब्यांतल्या अडतात, तर नळीच्या तोंडाशी शिशाचा थर साचलाय. लोकरीच्या सफाई-पेलेट्स दोन-तीन घालून मारा, थर निघून जाईल. तेल ओतू नका. स्प्रिंगच्या बंदुकीत तेल नळीत गेलं की ते दाबानं पेटतं, मोठा आवाज येतो, आणि तुमची वॉशर संपते.

उलटंही होतं. पेलेट इतकी सैल बसते की नळी वर केली की मागे घसरते. घडीच्या बंदुकीत, म्हणजे नळी मोडून छर्रा घालायच्या बंदुकीत, हे जास्त दिसतं. तिथे डोकं लहान आहे, एवढंच. मोठ्या व्यासाची डबी घ्या. घडीच्या बंदुकीलाच आणखी एक तपासणी लागते: नळी जिथे मोडते त्या सांध्याला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळून एक शॉट मारा. पट्टी फडफडली तर हवा सांध्यातून गळतेय. तिथली ओ-रिंग बदला. पन्नास-शंभर रुपयांचं काम असतं आणि लोक त्यासाठी नवी बंदूक बघायला लागतात.

मॅगझिनची हौशी बंदूक असेल तर अडण्याचं कारण बहुतेक वेळा लांबी असतं. लांब, जड पेलेट मॅगझिनच्या चकतीबाहेर केसभर डोकावते आणि फिरताना अडकते. प्रत्येक घर भरल्यावर बोट फिरवून पाहा, दोन्ही बाजू सपाट लागल्या पाहिजेत. अशा बंदुकीत बोल्ट अर्धवट मागे ओढून पुन्हा पुढे ढकलला की एका नळीत दोन पेलेट्स जातात. टार्गेटवर एकच भोक किंवा काहीच नाही असं दिसलं तर तिसरी भरू नका. रेंजवर असाल तर हात वर करा, अधिकाऱ्याला बोलवा. घरी असाल तर हवा सोडून, सिलिंडर काढून, मगच पुढच्या टोकाकडून सफाईची सळई घाला. हवा भरलेल्या बंदुकीच्या नळीसमोर हात न्यायचा नाही, मग आतली पेलेट कितीही अडलेली असो.

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. माझा क्रम ठरलेला आहे: आधी हात, मग डबी, मग नळीचं तोंड, मग सील, मग सिलिंडरचा दाब, आणि सगळ्यात शेवटी साइटचे स्क्रू. लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, स्क्रूला हात घालतात, आणि मग काय बिघडलं होतं तेच विसरतात.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. खाडीकाठचं ठाणं काय, उल्हास नदीकाठचं कल्याण काय, जुलैत कपाटातले बूटही हिरवे होतात. उघडी राहिलेली डबी दोन-तीन आठवड्यांत पांढुरकी दिसू लागते. शिशावर चढलेला तो थर विषारी असतो, बोटांना लागतो, नळीतही जातो. फोमची चकती परत झाकणाखाली ठेवा, डबी झिपच्या पिशवीत, पिशवीत नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. एका वेळी एकच डबी उघडा. सिलिंडर भरून घेताना कॉम्प्रेसरला ओल शोषणारा फिल्टर आहे का ते विचारायला लाजू नका. सिलिंडरवर कोरलेली तारीखही वाचा, ती उलटली की स्पर्धेच्या तपासणीत तो चालत नाही.

रेंजवरून निघताना साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. तोंडात पेलेट्स धरून एकेक काढायची जुनी सवय काही काकांना अजून आहे. मुलांना ती दिसू देऊ नका. आणि गच्चीवर ‘जरा टेस्ट करतो’ म्हणून मारू नका. १० मीटरवर कागद फाडणारी पेलेट शेजारच्या गच्चीवरच्या डोळ्याचंही तेच करते.

राहिल्या त्या माझ्या ६ डब्या. फेकल्या नाहीत. सरावाच्या सुरुवातीला १५-२० मिनिटं मी टार्गेटचा कागद उलटा लावतो, नुसती पांढरी बाजू. काळा गोल नाही, गुण नाहीत, फक्त उभं राहणं, श्वास आणि ट्रिगर. तिथे ४.४९ आहे की ४.५१, कोणाला काय फरक पडतो? तुमच्या बाद पेलेट्सही अशाच वापरा. वापरलेलं शिसं कचऱ्याच्या डब्यात जाऊ देऊ नका आणि गॅसवर वितळवायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. डबीमागे २६५ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला एक डबी मारणाऱ्या मुलाचं वर्षाला पावणेचौदा किलो शिसं पेलेट-ट्रॅपमध्ये जमतं. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी भंगारवाला हातमोजे घालून येतो आणि किलोवर घेऊन जातो. मागच्या वेळी त्या पैशांतून दोन नव्या डब्या आल्या, दोन्ही एकाच लॉटच्या.